मुराळ्याची गाडी

उंब्रज
४ जानेवारी २०२६

आक्का,

पाया पडतो. पाय मागं घेऊ नकोस. पत्रातनं दिसत न्हाई म्हणून तू घेशील, मला ठावं हाय.

तू माझा नंबर बंद करून ठेवलाईस. अंकिताचा फोन उचलतीस, तुझ्या भावजयीचा उचलतीस, आन् माझा तेवढा लागत न्हाई. बरं. फौजेत निम्मा जन्म काढला, तवा कुठं फोन हुते? पत्रंच लिवत हुतो. पोस्टमन जागा हाय तवर मी बोलणार. ऐकायचं का न्हाई ते तू बघ.

पैली गोष्ट कामाची. अंकिताचं लगीन बावीस फेब्रुवारीला धरलंय. पोरगा साताऱ्याचा, शिवतेज नाव, माणूस सरळ हाय. आदल्या दिवशी हळद. आन् आपल्यात पैली हळद आत्याची, हे मी तुला सांगायला नको. शंभूराजच्या हळदीला तू न्हवतीस, शेजारच्या काकीनं हात लावला. ती हळद माझ्या पोराला लागलीच न्हाई आसं मला अजून वाटतं. अंकिता तर सरळ म्हणती, आत्या न्हाई तर हळद न्हाई, कोर्टात सही करून मोकळी हुते. ती करंल बरं का. तिच्या अंगात तूच हाईस.

तुझा राग कशाचा ते मला म्हाईत हाय. शंभूराजच्या लग्नाला तुला मूळ धाडलं न्हाई. माहेरचा माणूस मुराळी म्हणून न्यायला आला न्हाई, म्हणून तू आली न्हाईस. आक्का, मी आठ दिवसांच्या रजेवर आलतो. मांडव, आचारी, बँडवाला, सगळं माझ्या एकट्याच्या डोक्यावर. तरी म्या तुझ्यासाठी गाडी धाडली. साधी न्हवं, एसीची जीप! कराडात लग्नसराईत तसली गाडी मिळत न्हवती तवा. ती तू रिकामी परत लावलीस. सहा वर्षं झाली. मी अजून म्हणतो, गाडी झकास हुती.

ते ऱ्हाऊ दे. दुसरी गोष्ट ऐक, ही भारी हाय. अंकितानं साताऱ्याच्या नोकरीवर बॅटरीची बारकी मोटार घेतलीया. डिझेल न्हाई, पेट्रोल न्हाई, आवाज न्हाई. पैल्या दिवशी मी आत बसलो आन् म्हटलं, चालू कर की. ती म्हणाली, "पप्पा, चालूच आहे." म्या कान लावून बघितलं. काय सुदिक न्हाई.

आन् आता शर्यत. सातारा-सांगलीतल्या ह्या गाडीवाल्यांचा एक ग्रुप हाय. त्यांनी जानेवारी महिनाभराची शर्यत लावलीया. पळायची न्हवं. दोन जिल्ह्यांत गाडीत वीज भरायची जेवढी स्टेशनं हायत, त्यातली जास्तीत जास्त जो गाठंल त्याला ढाल. नुसतं जाऊन भागत न्हाई. वायर लावायची, थोडी तरी वीज भरायची, आन् गाडीसंगं उभं राहून फोटो ग्रुपवर टाकायचा. एका स्टेशनाचा एकच गुण. अंकिता चालवती, मी वाट दाखवतो. गावातला आकाराम हसतो, म्हणतो, "सुभेदार, आमी बी पिठाच्या गिरण्यांची शर्यत लावू का?" लावू दे. ढाल दारात टांगली की मंग बघू कोण हसतं ते.

तू येणार हाईस. मी धरून चाललोय.

तुझा,
मानसिंग


उंब्रज
११ जानेवारी २०२६

आक्का,

तुझं उत्तर न्हाई. चालंल. आज मी तुझ्या उत्तरासाठी लिवत न्हाई. आज म्या जे बघितलं ते कुणाला तरी सांगितल्याबिगर झोप लागायची न्हाई, आन् तुझी भावजय म्हणती, "आवं, किती येळा सांगताय!"

आमी पाचगणीला गेलतो. तितं हॉटेलांच्या अंगणात तीन-चार स्टेशनं हायत. वाईतनं पसरणीचा घाट चढलो तर बॅटरी निम्म्याची पाव झाली. माझी नजर पडद्यावरच्या आकड्यावर. सगळी स्टेशनं करून सकाळच्या उन्हात खाली निघालो. आक्का, घाट उतरताना पडद्यावरचा आकडा वाढाय लागला! कमी न्हवं, वाढाय! म्या म्हटलं, "पोरी, मशीन बिघडलं." ती म्हणाली, "नाही पप्पा, उतारावर चाकंच वीज तयार करतात. चढताना गेलेली सगळी नाही, पण थोडी परत येते."

म्या गाडी थांबवायला लावली. उतरलो. खाली धोम धरणाचं निळं पाणी, कृष्णेच्या दोन्ही अंगांना हिरवी रानं, आन् आमची गाडी उगी उभी, पोटात मघापेक्षा जास्त वीज घेऊन. म्या बर्फाचे डोंगर बघितलेत, तोफा बघितल्यात, रणगाडा पाण्यातनं जाताना बघितलाय. पर दिलेलं परत येतं, आन् ते बी उतारावर, हे म्या कवा बघितलं न्हवतं. हात जोडले गेले. कुणाला जोडले ते मला बी कळलं न्हाई.

आन् ही स्टेशनं तरी कुठंकुठं हायत! एक सोनाराच्या दुकानामागं. एक साखर कारखान्याच्या दारात. पाटणच्या पुढं तर एका मिसळवाल्यानं टपरीशेजारी बसवलंय, वायर लावली की तो इचारतो, "तिखट का मध्यम?" पेट्रोल पंपावर माणूस माणसाशी बोलत न्हाई. हितं गाडी भरेपर्यंत उभं ऱ्हावं लागतं, म्हंजे बोलावंच लागतं. लोक आपल्या पोरांच्या परीक्षा सांगत्यात, सासऱ्याचं ऑपरेशन सांगत्यात. मला इतकी माणसं एका आठवड्यात कवा भेटली न्हवती.

कराडात आमचा दुश्मन भेटला. इलाहीभाई, मिरजेचे, सतारी आन् तंबोरे करणारे. आमच्या एक गुण पुढं हायत. गाडी त्यांची बायको महेजबीन चालवती, आन् काय चालवती! इलाहीभाई शेजारी बसून नुसतं ऐकत्यात. मला म्हणाले, "सुभेदार, हिकडं या. कान लावा." म्या त्या चार्जरच्या डब्याला कान लावला. "पेटीची काळी दोन. बरोबर लागलंय. साताऱ्यातलं एक जरा उतरलेलं हाय." आक्का, खरंच आतनं सूर येत हुता! एकसारखा, बारीक. येवढी स्टेशनं फिरलो आन् म्या एकदा बी ऐकला न्हवता. मी कान लावून उभा, माझ्या मागं गाडी भरायला आलेला एक डॉक्टर कान लावून उभा, त्याच्या मागं अंकिता. महेजबीनवहिनी म्हणाल्या, "झालं! आता हितं मैफल बसवा, मी तेवढ्यात पुढचं स्टेशन करून येते." आन् गेल्या की खरंच!

दुश्मन हाय, पर माणूस लाखात एक.

पुढच्या रविवारी आमी सांगलीकडं येणार. कवठे महांकाळला बी एक स्टेशन हाय. तुझ्या गावापासनं किती लांब, सांग बरं?

तुझा,
मानसिंग


उंब्रज
१९ जानेवारी २०२६

आक्का,

काल तू जे केलंस ते बरं केलं न्हाईस.

भाऊ दारात आला. सहा वर्षांनी आला. तू गूळ-पाणी आणलंस, खाली ठेवलंस. अंकिताला जवळ घेतलंस, तिची ओटी भरलीस, तिच्या तोंडावरनं हात फिरवलास. आन् मला बस म्हणाली न्हाईस. दाजी सोप्यात बसलेले, त्यांनी माझ्याकडं बघितलं आन् पेपर वर केला. मी उभा. सुभेदार मानसिंग, आन् दारात पाहुण्यागत उभा!

तू इचारलंस, "कशाला आलास?" एवढाच शब्द बोललीस. म्या खरं ते सांगितलं. "कवठ्याला चार्जिंगला आलतो, म्हटलं जाता जाता तुला लग्नाचं सांगून जावं. वीस मिनिटं हायत, जतचं स्टेशन सहाला बंद हुतंय." यात खोटं काय हुतं? खरंच सहाला बंद हुतंय. तू अंकिताला म्हणालीस, "जा बाळ, उशीर हुईल." आन् आत गेलीस. पुन्हा बाहेर आली न्हाईस.

अंकिता गाडीत बसल्यावर रडली. मी तिला म्हटलं, आत्याचा स्वभावच तसा. तर ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही गप्प बसा." माझी पोरगी मला गप्प बस म्हणाली, आक्का. जतला आमी येळेत पोचलो. फोटो काढला. गुण मिळाला. दोघांची तोंडं बघून ग्रुपवर कुणीतरी लिवलं, कुणाच्या मयतीवरनं आलाय काय?

जतला जाताना ढालगावच्या माळावर त्या पवनचक्क्या दिसल्या. डोंगरावर ओळीनं उभ्या, उंच, पांढऱ्या, सावकाश फिरत्यात. अंकितानं गाडी बाजूला घेतली. ती म्हणाली, आपल्या गाडीत जी वीज आहे त्यात यांचीही असेल, कोयनेचीही असेल, वेगळी करता येत नाही. म्हंजे माझ्या माहेरच्या, न्हवं, तुझ्या माहेरच्या डोंगरातलं पाणी आन् तुझ्या सासरच्या माळावरचं वारं, दोन्ही एकाच तारंत. मी लय येळ बघत बसलो. एवढं सगळं एकमेकाला जाऊन मिळतंय, आन् आपण दोघं एका सोप्यात बसू शकत न्हाई. हे म्या तवा मनात म्हटलं. आता कागदावर म्हणतो.

आमी इलाहीभाईंच्या बरोबरीत आलोय. तुला त्याचं काय म्हणा.

राग सोड, आक्का. पोरीची हळद हाय.

मानसिंग


ता. कवठे महांकाळ
२३ जानेवारी

मानसिंगा,

तुझी तिन्ही पत्रं पोचली. आक्षर अजून वाकडंच हाय. आपले आबा छडी मारायचे त्याचा काय उपेग झाला न्हाई.

लिवायला बसत न्हवते. पर तू म्हणतोस जीप झकास हुती, म्हणून बसले. ऐक आता.

त्या दिवशी मी पाटंपासनं तयार हुते. नवं लुगडं नेसले. गल्लीतल्या बाया ओटी भरायला आलेल्या, सोपा भरून बसलेल्या. मी सगळ्यांना सांगितलेलं, माझा भाऊ फौजेत हाय, तो येणार न्यायला, न्हाई जमलं तर भावकीतलं कुणी येईल. तुझी जीप आली. डायव्हर उतरला, आन् दारात उभा राहून म्हणाला, "तुमच्यातली रंगुबाई कोण?"

माझ्या माहेरनं मला न्यायला आलेल्या माणसाला मी कोण ते ठावं न्हाई. पंधरा बायांम्होरं म्या हात वर करून सांगायचं, मी रंगुबाई. शाळंतल्या हजेरीगत. काय करायची तुझी एसी?

परवा आलास. तुला बघून जीव हरखला, खोटं सांगत न्हाई. तू किती वाळलाईस. आन् तू तोंड उघडलंस ते म्हणालास, जाता जाता. मी तुझ्या वाटंवरचं स्टेशन हाय व्हय रं? फोटो बी काढायचास मंग माझ्यासंगं, गुण मिळाला असता.

आता एकदाच सांगते. मुराळी दुसऱ्या कामाला निघालेला नसतो. मला न्यायचं आसंल तर उंब्रजातनं निघायचं ते माझ्याच दारात उतरायचं. मधी कुठं वायर लावायची न्हाई. तुझ्या गाडीला भूक लागली तर माझ्या घरात बी लाईट हाय. फ्रिजच्या प्लगावर लाव. किती येळ लागायचा तेवढा लागू दे.

शनवारी ये. एकतीस तारखेला. त्याच दिवशी तुझी शर्यत संपती, अंकितानं मला सांगितलंय. म्या मुद्दाम तोच दिवस धरलाय.

न्हाई आलास तर पोरीला आशीर्वाद हितनं देते. तिच्यावर माझा राग न्हाई.

रंगुबाई


तुझ्या दारात
शनिवार, ३१ जानेवारी

आक्का,

मी आलोय, तुला म्हाईत हाय. तू गूळ-पाणी दिलंस, फ्रिजचा प्लग काढून दिलास आन् आत गेलीस. बोलत न्हाईस. म्हणून सोप्यात बसून लिवतोय. दाजींनी त्यांच्या वहीचा कागद दिला. हे पत्र पोस्टात टाकायचं न्हाई, चार पावलांवर द्यायचंय.

तर आधी वाट सांगतो. तुझं पत्र आल्यावर म्या दोन दिवस ते पुन्हा पुन्हा वाचलं. जीपवाल्याचं वाक्य माझ्या कानातनं जाईना. मंग अंकिताला म्हटलं, "शनवारी शेवटचा दिवस हाय, आपण बरोबरीत हाय, काय करू?" तिनं चावी माझ्या हातात ठेवली. म्हणाली, "पप्पा, हे विचारायचं असतं का?" आन् वर म्हणाली, "एकटे जा. मुराळी तुम्ही आहात, मी नाही."

एकटा! आक्का, महिनाभर मी नुसती वाट दाखवली, गाडी तिनं चालवली. उंब्रजातनं बॅटरी पुरी भरून निघालो. एसी बंद, काचा खाली, वेग बैलगाडीचा. कराडातनं जाताना सोनाराच्या मागचं ते स्टेशन दिसलं. मोकळं हुतं. तोंड फिरवलं. पलूसच्या पुढं दोन मोटारसायकली मागनं आल्या, एक जण ओरडला, "काका, ढकलू का?" माझं ध्यान पडद्यावर, आकडा बघत हुतो.

तासगावात स्टेशनासमोर सिग्नलला थांबलो तर शेजारी कोण? महेजबीनवहिनी वायर लावतायत आन् इलाहीभाई डब्याला कान लावून उभे. मला बघितलं. हात केला. म्या बी केला, आन् सिग्नल सुटला तसा पुढं गेलो. लगीच फोन. "सुभेदार, ओ सुभेदार! न थांबता कुठं? आपण बरोबरीत हाय! विट्याला आज सकाळी नवीन स्टेशन चालू झालंय, तुमी केलं का ते?"

म्या म्हटलं, "न्हाई. मी बहिणीला आणायला चाललोय. वाटंत थांबायचं न्हाई असा तिचा हुकूम हाय."

तिकडं त्यांनी वहिनींना ते सांगितलं. मंग म्हणाले, "मंग हुकूम मोडू नका." पुन्हा म्हणाले, "पर मी विट्याला जाणार हां. आधीच सांगतो. मागनं म्हणू नका इलाहीनं फसवलं." मागनं वहिनींचा आवाज, "भाईसाहेब, आपांना सलाम सांगा!" म्हंजे तुला. सांगितला.

कवठ्याच्या अलीकडं चढ लागला आन् आकडा पटापटा उतराय लागला. गाडीनं पिवळा दिवा लावला, मंग लाल. मी गाडीशी बोलाय लागलो. खरं सांगतो. म्हटलं, बाई, आज नको, आज तेवढं नको. कवठ्याचं स्टेशन उजव्या हाताला. तीन वायरी, तिन्ही रिकाम्या. दहा मिनिटं लावली असती तर कुणाला कळलं असतं? तुला कळलं नसतं. मला कळलं असतं. तुझ्या दारात चाक लागलं तवा बॅटरीत बोटावर मोजण्याएवढी वीज हुती. आक्का, सरहद्दीवर रातभर उभा राहून जेवढं काळीज उडालं नसंल तेवढं आज ह्या शेवटच्या पाच किलोमीटरात उडालं.

आता तुझ्या सोप्यातनं सांगतो.

फ्रिजच्या प्लगावर गाडी भरायची म्हंजे दिवसच जातो. स्टेशनावर ज्याला घटकाभर, त्याला हितं सकाळची संध्याकाळ. मला वाटलं, शिक्षा हाय. पैला तासभर तशीच वाटली. दाजी मधी बसलेत, आपल्या दोघांच्या. ते आत जात्यात, बाहेर येत्यात. "ती इचारतीया, गाडी किती भरली?" "दाजी, अजून काय न्हाई." आत गेले, आले. "ती म्हणती, बरं झालं."

मंग दाजी म्हणाले, "चल, बाग बघ." मी उठलो.

आक्का, म्या तुझी बाग बघितली.

तुझ्या लग्नात म्या हे रान बघितलेलं. मी तवा बारका हुतो, तुझ्यासंगं पाठराखा म्हणून आलतो. नुसता खडक. सापाच्या बिळापुरती बी माती न्हवती. आपली आई घरी येऊन रडली हुती, पोरगी दगडात दिली म्हणून. त्यानंतर म्या कवा नीट बघितलंच न्हाई. यायचो ते रजेत, सोप्यापतूर, च्या पिऊन जायचो. आज बघतो तर द्राक्षाच्या येली. ओळी संपतच न्हाईत. घोस वीतभर लोंबत्यात. दाजी सांगत हुते, खड्डे सुरुंग लावून पाडले, माती ट्रॅक्टरनं न्हवं, पाट्यांनी आणली, पाणी न्हवतं त्या वर्षी तू रोज पाजलंस, एक-एक येलीला हातानं. म्हटलं, कोण कोण हुतं? म्हणाले, "मी हुतो आन् ती हुती. मी मधी दोन वर्षं आजारी. मंग तीच."

मी मधीच उभा राहिलो. येलींच्या सावलीत गार हुतं. कुठंतरी ठिबकचं पाणी टपटप पडत हुतं. म्या एका महिन्यात दोन जिल्हे पालथे घातले, घाटात हात जोडले, पवनचक्क्यांम्होरं टोपी काढली, आन् हे माझ्या बहिणीनं केलंय हे मला ठावं न्हाई. रंगुबाई कोण, हे त्या जीपवाल्याला ठावं न्हवतं. मला तरी कुठं ठावं हुतं, आक्का?

दाजी म्हणाले, "रडतोस काय रं फौजी?" म्या म्हटलं, डोळ्यात औषध गेलं फवाऱ्याचं. फवारा कुणी मारत न्हवतं.

परत येऊन बसलो तवर लाईट गेली. गाडीचा दिवा विझला. दाजी म्हणाले, "आता सांजच्याला येती. न्हाई आली तर उद्या." आत गेले, आले. "ती इचारतीया, आता काय करणार म्हणावं?" म्या म्हटलं, "बसणार." "उद्यापतूर?" "उद्यापतूर." आत गेले ते आलेच न्हाईत. दोघांची काय तरी कुजबुज ऐकू आली, मंग भाकरी थापल्याचा आवाज.

फोन वाजला मधी. इलाहीभाई. विट्याचं झालं म्हणाले. ढाल त्यांची. "सुभेदार, मिरजेला या, दुकानात टांगणार हाय, सतारींच्या मधी." म्या म्हटलं, येतो, बहिणीला घेऊन येतो. आसं तोंडातनं गेलं खरं, पर तुला म्या अजून इचारलं बी न्हाई. म्हणून आता लिवून इचारतो, तोंडानं मला जमत न्हाई, तुला म्हाईत हाय.

आक्का, मला तुझ्याबिगर करमत न्हाई. सहा वर्षं करमलं न्हाई. लग्नं झाली, बारसी झाली, मी रिटायर झालो, गावानं फेटा बांधला, आन् प्रत्येक येळेला मी दारातल्या गर्दीत तुझं तोंड हुडकत हुतो. पोरीच्या हळदीसाठी चल, हे तर हायच. पर हळद नसती तरी मी आज आलो असतो आसं म्हणायची माझी लय इच्छा हाय, आन् ते खरं हाय का न्हाई ते मला सांगता येत न्हाई. आज आलो तेवढं खरं.

थांब. मागच्या परड्याकडनं तुझा आवाज येतोय. शेजारची मनुबाई कुडापलीकडनं इचारतीया, "रंगे, दारात गाडी कुणाची गं? सकाळपास्नं हुबी हाय."

तू म्हणालीस, "उंब्रजची हाय."

"आलंय कोण?"

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आत गेलीस. माझं पेन थांबलं.

मंग तू म्हणालीस, मोठ्यानं, पार गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, "माझा मुराळी आलाय! भाऊ माझा! ओटी भरायला ये उद्या सकाळी, सगळ्या बायांना सांग, घेऊन ये!"

आक्का, म्या ऐकलं. हे पत्र आता दाजींच्या हातानं आत देतो. लाईट येऊ दे न्हाईतर न येऊ दे.

सकाळपास्नं काय खाल्लं न्हाई. लय भूक लागलीया. जेवायला बोलव.

मानसिंग